आवाजाच्या अहवालात ‘डोस 76 टक्के’ लिहिले असेल, तर कामगार सुरक्षित आहे असे समजावे का?

भावाच्या कारखान्याच्या अहवालात 8 तासांची सरासरी 88 डेसिबल आणि डोस (म्हणजे दिवसभरात कानावर पडलेला आवाज; पूर्ण मुभा म्हणजे 100 टक्के) 76 टक्के आहे, म्हणून काळजीचे कारण नाही ना, असे आपण विचारले आहे. कायद्यापुरते पाहिले तर नाही. कानाचे विचाराल, तर आहे.

मी रत्नागिरीत बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात 14 वर्षे काढली. आमच्याकडे मोजणीला माणसे आली ती जून महिन्यात, म्हणजे 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी चालू असताना. दोनपैकी एकच कॉम्प्रेसर सुरू होता आणि बर्फ फोडणाऱ्या क्रशरवर ताडपत्री होती. त्यांनी ऑफिसच्या दाराशी तिपाईवर मीटर ठेवला, दहा मिनिटे उभे राहिले, चहा घेतला आणि गेले. अहवालात आकडा आला 83. मी मॅनेजरसाहेबांना म्हटले की, हा दाराला ऐकू येणारा आवाज आहे, मला नव्हे. तुम्ही फिटर आहात, फिटरचेच काम करा, असे उत्तर मिळाले.

पुढे ऑक्टोबरात, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत लागलेली असताना, दुसऱ्या संस्थेच्या मुलाने माझ्या खांद्यावर, कानापासून वीतभर अंतरावर, डोसीमीटरचा, म्हणजे अंगावर लावून डोस मोजणाऱ्या यंत्राचा, मायक्रोफोन लावला आणि पूर्ण पाळी तिथेच ठेवला. लादी क्रशरच्या तोंडात सरकते तेव्हाचा पहिला कडाका ज्याने जवळून ऐकला आहे, त्याला पुढचे आकडे नवल वाटणार नाहीत : क्रशरपाशी 5 तास 95, उरलेले 3 तास टाक्यांकडे 85. साहेब म्हणाले, “दहा-बारानेच तर वाढले!” दहा डेसिबलने वाढणे म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होणे, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

आता टक्क्यांविषयी. आपल्याकडील कारखाना नियमांत 8 तासांना 90 डेसिबल ही मर्यादा असून पुढे दर 5 डेसिबलला मुभेची वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने माझा डोस 144 टक्के झाला. अमेरिकेतील नायॉश ही संशोधन संस्था 8 तासांना 85 ही मर्यादा धरते आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने तोच दिवस 660 टक्क्यांच्या वर जातो. भावाचे 76 टक्केही, आवाज दिवसभर एकसारखा असेल तर, या मोजपट्टीवर 200 होतात आणि चढउतार असेल तर त्याहून अधिक. म्हणून अहवालात आधी मापनाची तारीख, त्या दिवशी कोणती यंत्रे चालू होती आणि मायक्रोफोन कुठे होता हे पाहावे, टक्के नंतर.

मी तज्ज्ञ नाही, आणि मोबाइलवरच्या ॲपने मोजून भांडायला जाऊ नये, कारण ते कॅलिब्रेटरवर, म्हणजे ठरावीक पातळीचा आवाज देणाऱ्या उपकरणावर, तपासलेले नसते. भावाची श्रवणचाचणी मात्र करून घ्यावी. माझा आलेख दाखवला तेव्हा “वय झाले” असे साहेब म्हणाले होते. वयाने कान जातो तेव्हा रेषा 8000 हर्ट्झकडे उतरतच जाते. माझी 4000 ला खड्ड्यात जाऊन 8000 ला पुन्हा थोडी वर आलेली आहे; हा घाव वयाचा नव्हे, आवाजाचा.