घरावर झुकलेला कडुनिंब

प्रश्न : अमळनेरला आमच्या धाब्याच्या घराला लागून जुना कडुनिंब आहे. शेंडा घराकडे झुकलाय. दोर बांधून पलीकडे ओढून पाडता येईल का?

उत्तर : कृपया तसं करू नका. झाड वजनाच्या बाजूला पडतं, चार माणसांच्या ओढीनं झुकाव फिरत नाही. मोकळ्या जागीसुद्धा पडायच्या बाजूला व्यासाच्या पाव भागाइतकी खाच घेतात, मागचा काप खाचेच्या तळापेक्षा दोन बोटं वर घेतात आणि मधे व्यासाचा दहावा हिस्सा लाकूड राखतात. तीच बिजागरी. ती आरपार कापली गेली की झाड कुठंही वळतं. जुना बुंधा पोकळ असू शकतो. ठोकल्यावर ढबढब वाजला तर बिजागरी धरणारच नाही.

तुमचं झाड वरून तुकड्यातुकड्यानं, जाणकाराकडूनच उतरवा. फांदी आधी खालून तिसरा हिस्सा कापायची, मग त्याच्या जरा पुढे, शेंड्याच्या बाजूला, वरून. नाहीतर साल सोलत ती चढलेल्या माणसावर झुलते. दोराचे बुंध्याला दोन वेढे देऊन फांदी सावकाश सोडायची. ओला ओंडका आपटला तर धाब्याची तुळई मोडते.

आधी नगरपरिषदेची लेखी परवानगी घ्या. जवळ तारा असतील तर महावितरणकडून वीज बंद करून घ्या.