घाटाचाच दिवस सोपा का गेला?

प्रश्न : सामान लादून एकटीच सायकलवर डोंगराळ भागात फिरले. १८ किलोमीटरांच्या सलग घाटाची धास्ती होती, पण तोच दिवस सगळ्यांत मजेत गेला. आदल्या दिवशी मात्र दुपारभर नदीच्या कडेने खाली उतरणारा रस्ता असूनही पायांत त्राण उरलं नव्हतं. असं का होतं? असा दिवस ठरवून आणता येतो का?

उत्तर : बऱ्याच अंशी येतो. आधी आदल्या दिवसाचं पाहू. निरभ्र हवेत ऊन तापलं की दरीतली हवा वरच्या दिशेने वाहू लागते आणि दुपारी तिचा जोर सर्वाधिक असतो. रात्री हेच उलट होतं. म्हणजे दुपारी दरीतून खाली येताना वारा तोंडावर होता आणि दोन्ही बाजूंच्या पिशव्या तो अडवत होत्या. मंद उताराचा फायदा असा वारा सहज खाऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी चढताना तोच वारा पाठीशी आला असावा. दरीतून खाली जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. खिंड मात्र दुपारच्या आत ओलांडा, कारण उन्हाळ्यात उंचावर विजांचा पाऊस बहुधा दुपारनंतरच येतो.

दुसरं कारण तुमची धास्तीच. मोठ्या चढाची भीती असली की माणूस पहिल्या किलोमीटरपासून हलका गियर लावतो, वेळेवर खातो. सोप्या वाटणाऱ्या रस्त्यावर छोटे चढ उभं राहून, जोर लावून मारले जातात आणि खाणं लांबतं. म्हणून नकाशावर अंतराआधी एकूण चढाई मोजा. ८० मीटरांचे दहा चढ म्हणजे ८०० मीटर, अख्खा घाटच! सामानासह तासाला ३०० ते ४०० मीटर चढाई बहुतेकांना झेपते.

६ टक्के चढावर याचा अर्थ ताशी सुमारे ६ किलोमीटर. एवढ्या वेगाला पुढच्या चकतीला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला ३४ दाते असतील तर पॅडल मिनिटाला जेमतेम ४८ फेरे फिरतं. गुडघे दुखतात ते इथे. पुढे २४ दात्यांची चकती असेल तर फेरे ६७ होतात आणि पाय मोकळे फिरतात. सामान घेऊन घाट चढायचे असतील तर आमच्या मते हलकी सायकल घेण्यापेक्षा हलका गियर बसवण्यावर खर्च करावा. चढताना तुटक का होईना, बोलता यायला हवं. येत नसेल तर वेग जास्त आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, आणि तीही भूक लागायच्या आधी. सगळं वजन मागच्या चाकावर असेल तर तीव्र चढावर पुढचं चाक भरकटतं. जड वस्तू पुढच्या पिशव्यांत, खालच्या बाजूला ठेवा.

प्रश्न : लांब उतारावर ब्रेक तापून जळका वास येतो. हळूच उतरत असूनही?

उत्तर : हळू उतरता म्हणूनच. वेगात असताना उताराची बरीच ऊर्जा हवेचा विरोध शोषून घेतो. ब्रेक सतत दाबून सावकाश उतरलात तर जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये जाते. सामानासह १०० किलो वजन ५०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा बाहेर पडते, तिच्यावर जवळपास दीड लिटर पाणी उकळीला येईल. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला (रिमला) पकडणारा, असेल तर ही उष्णता ट्यूबपर्यंत पोहोचते, हवेचा दाब वाढतो आणि टायर रिमवरून निसटून ट्यूब फुटू शकते. चाकाच्या मध्यावरच्या चकतीला पकडणाऱ्या डिस्क ब्रेकचे पॅड तापून गुळगुळीत होतात व पकड जाते.

रस्ता सरळ आणि मोकळा दिसत असेल तिथे सायकल जाऊ द्या. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा आणि वळणात शिरण्यापूर्वी सोडा. वळणांमागून वळणं असतील, वेग घेताच येत नसेल, तर मध्ये थांबून ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कला हात लावू नका. आणि जॅकेट, हातमोजे खिंडीतच चढवा. घामाने ओला सदराही तिथेच बदला, कारण बोटं गारठली की ब्रेक नीट दाबला जात नाही.

प्रश्न : एकट्याने जाताना कोणते सुटे भाग हवेतच?

उत्तर : दोन ट्यूब, ब्रेक पॅडची जोडी, चेनच्या स्पीडला (मागच्या चकत्यांच्या संख्येला) जुळणाऱ्या दोन जोडकड्या आणि तुमच्याच सायकलच्या मापाचा डिरेल्युअर हँगर, म्हणजे गियर बदलणारा डिरेल्युअर सायकलच्या सांगाड्याला जोडणारा तुकडा. हा हँगर मॉडेलगणिक वेगळा असतो, वाटेत मिळेल असं धरून चालू नका. चेन तोडायचं अवजार विसरू नये: डिरेल्युअर मोडला तर चेन आखूड करून एकाच गियरवर गाव गाठता येतं. स्पोक बहुधा मागच्या चाकाचा, कॅसेटच्या (मागच्या चकत्यांच्या संचाच्या) बाजूचा तुटतो, कारण तिकडे ताण जास्त असतो. तो बदलायला कॅसेट काढावी लागते. म्हणून कॅसेट न काढता बसणारा दोरीसारखा तात्पुरता स्पोक जवळ ठेवा.