गाडी येईल तेव्हा येईल, आधी अर्थिंग बघा

प्रश्न: नवीन लाँच झालेली इलेक्ट्रिक गाडी बुक करून चार महिने झाले, डीलर दर वेळी म्हणतो पुढच्या महिन्यात नक्की. गणपतीला गाडी दारात हवी होती, आता शेजारी रोज विचारतात. कॅन्सल करू का? – एक वाचक, गुहागर

उत्तर: लगेच नको. नवीन मॉडेलला आधी टॉपची व्हेरियंट निघतात आणि बाकीचे ताटकळतात, हे नेहमीचंच आहे. फोनवरचं "नक्की" सोडा, व्हेरियंट, रंग आणि अंदाजे तारीख ईमेलवर मागा. बुकिंगचे पैसे परत मिळतात का तेही त्यातच विचारून घ्या.

आणि तोवर घरचं बघा हो! 15 अँपियरच्या सॉकेटवर साधारण 3 किलोवॅट मिळतात, म्हणजे 50 युनिटची रिकामी बॅटरी भरायला रात्र पुरत नाही. 7.2 किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर महावितरणकडे लोड, म्हणजे घराचा मंजूर वीजभार, वाढवायचा अर्ज आत्ताच टाका. दुसरं म्हणजे अर्थिंग. आपल्याकडे जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात कोरडी ठाक पडते, अर्थिंग कमजोर होतं, मग चार्जर लाल दिवा लावून गप्प बसतो आणि आपण गाडीला शिव्या घालतो. वायरमनला मीटर लावून मोजायला सांगा, नुसतं "चांगलं आहे" ऐकू नका. चार्जर पागोळ्यांखाली नको, पाण्याने आणि खाऱ्या वाऱ्याने पिना गंजतात.

गाडी आली की पैसे भरण्याआधी चेसिस नंबरवरून ती कुठल्या महिन्यात बनली ते बघा, यार्डात पावसात उभी राहिलेली गळ्यात नको पडायला. शेजाऱ्यांना सांगा, वायरिंग चालू आहे.