एनएमसी ८११ कॅथोडची क्षमता टिकत नाही, अ‍ॅल्युमिनाचा लेप देऊ का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीहून बेळगावला येऊन-जाऊन एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करताय. ८११ ची पूड (लिथियम-आयन बॅटरीच्या धन टोकाचा, म्हणजे कॅथोडचा माल; त्यात निकेल, मँगेनीज, कोबाल्ट ८:१:१) स्वतः भाजलीत, ४.३ व्होल्टपर्यंत पहिल्या सायकलला ग्रॅममागे १६० मिलिअँपिअर-तास मिळाले आणि पन्नासाव्याला १०० वर आले.

लेपाचं नंतर बघू. भट्टीत ऑक्सिजन सोडला होता की नुसती हवा? १६० हा आकडा १११ ला (तिन्ही धातू सारखे असलेल्या पुडीला) शोभतो. ८११ ने २०० च्या आसपास द्यायला हवेत. हवेत भाजलं की सगळं निकेल +३ या विद्युतभारावर जात नाही. उरलेलं +२ निकेल आकाराने लिथियमच्या जवळचं (०.६९ आणि ०.७६ अँगस्ट्रॉम), ते लिथियमच्या जागेवर बसतं. एसटीत तुम्ही रुमाल टाकलेल्या सीटवर भलताच बसावा आणि उठूच नये, तसं. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासतात त्यात) ००३ आणि १०४ या शिखरांच्या उंचीचं गुणोत्तर काढा. १.२ च्या खाली असेल तर निकेल लिथियमच्या जागी बसलंय असं समजा, लेपावर पैसे घालवू नका. ऑक्सिजनच्या प्रवाहात, साधारण ७५० ते ८०० अंशांवर पुन्हा नवी पूड करा. लिथियम थोडं जास्त घ्या, काही उडून जातं.

दुसरा संशय पावसाळ्यावर. मी खानापूरचा, जुलैत आमच्याकडे डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं. ही पूड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढते, मग पृष्ठभागावर लिथियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट साचतं. त्या अल्कलीने पूड चिकटवून धरणारा पीव्हीडीएफ बाइंडर बिघडतो. माझी स्लरी (पूड, बाइंडर आणि द्रावकाचं मिश्रण) एका रात्रीत कुंद्यासारखी घट्ट झाली होती (रंग सोडून), आणि मी दोन आठवडे बाइंडरच्या बाटलीला शिव्या देत होतो! पूड कोमट असतानाच भट्टीतून काढून व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा, स्लरीतला द्रावक, एनएमपी, तोही कोरडा वापरा.

मग लेप. काही नॅनोमीटरच पुरे, जाड झाला की लिथियमचीच वाट अडते. पण लेप कणांच्या भेगा थांबवत नाही. ४.२ व्होल्टच्या आसपास थरांमधलं अंतर एकदम आकसतं, गोळे तडकतात आणि इलेक्ट्रोलाइट आत शिरतो. त्यावर थोडं अ‍ॅल्युमिनियम मिसळणं किंवा एकस्फटिकी कण (बारीक दाण्यांचा गोळा नव्हे, एकच स्फटिक) करणं हा उपाय, पण एका सेमिस्टरमध्ये एकस्फटिकी कणांच्या नादी लागू नका.

सध्या एवढंच करा: त्याच पुडीचे दोन नवे सेल, चार्जिंग ४.१ व्होल्टवर थांबवून, चालवा. घसरण बरीच कमी झाली तर संशय भेगांवर घ्या. तशीच राहिली तर एक्सआरडी काढून मला आकडे कळवा.