दम्यात पंपाने पाच मिनिटांत बरं वाटतं, मग स्टिरॉइडला इतके तास का लागतात?

तुमच्या वडिलांना पंपाने लगेच आराम पडला, पण स्टिरॉइडच्या गोळीचा रात्रभर काहीच फरक जाणवला नाही, म्हणून गोळी फुकट गेली की काय असं तुम्ही विचारलंय. पंचवटीत माझं मेडिकल आहे. निफाडचा पारा घसरला की काउंटरवरही हाच प्रश्न येतो.

गोळी फुकट गेलेली नाही. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल पेशीच्या पडद्यावरच्या रिसेप्टरला (औषध ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला) बाहेरूनच चिकटतं. आतली यंत्रणा तयारच असते, नुसती कळ दाबायची. श्वासनलिकेचे आवळलेले स्नायू सैल पडतात.

स्टिरॉइडचं तसं नाही. आपलं शरीर कॉर्टिसॉल, म्हणजे स्वतःचं स्टिरॉइड, कोलेस्टेरॉलपासून बनवतं (हो, रिपोर्टमध्ये वाढलं की घाबरवतं तेच). गोळीतलं प्रेडनिसोलोन त्याचाच भाऊबंद. दोन्ही चरबीत विरघळणारी, त्यामुळे पेशीच्या पडद्यातून थेट आत शिरतात. त्यांचा रिसेप्टर आत, पेशीद्रवात असतो, हीट शॉक प्रथिनांनी धरून ठेवलेला. औषध जोडलं गेलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, ती पकड सुटते आणि जोडी केंद्रकात जाऊन डीएनएच्या ठरावीक जागी बसते. मग काही जनुकं चालू होतात, सूज वाढवणारी काही गप्प होतात. चालू झालेल्या जनुकाची एमआरएनए प्रत निघणार, तिच्यावरून प्रथिन बनणार, ते पुरेसं साठणार, तेव्हा कुठे सूज उतरायला लागते. शिरेतून इंजेक्शन दिलं तरी चार-सहा तास जातातच. सुईने औषध रक्तात लवकर पोचतं, पेशीतलं काम काही लवकर उरकत नाही.

उलट बाजूही बघा. प्रेडनिसोलोन रक्तातून काही तासांत कमी होतं, पण बनलेली प्रथिनं टिकतात, म्हणून दिवसातून एकदा, सकाळी नाश्त्यानंतर घेतली तरी बहुतेकांना पुरते.

हे रिसेप्टर शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशींत असतात. यकृतात साखर बनवणारी जनुकंही जागी होतात, तेव्हा वडिलांना मधुमेह असेल तर शुगर तपासत राहा. जुनी चिठ्ठी दाखवून परत परत गोळ्या मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. तीन-चार आठवडे घेतल्यावर मूत्रपिंडावरची अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करते, अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर अंगाशी येतं; डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावा लागतो.

आणि पंप मारूनही धाप थांबत नसेल, तर गोळीची वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.