निगेटिव्ह स्पेसला 'नकारात्मक जागा' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: चित्रकलेवरच्या एका लेखात "चित्रातील नकारात्मक जागेमुळे दृश्य संतुलन साधले जाते" असं वाक्य वाचलं, ते खटकलं, तर पॉझिटिव्ह स्पेस (चित्रातल्या आकृतीने व्यापलेला भाग), निगेटिव्ह स्पेस (आकृतीभोवतीचा आणि तिच्या मधला मोकळा भाग) आणि व्हिज्युअल बॅलन्स यांना मराठीत नेमकं म्हणायचं काय?

उत्तर आधी देऊन टाकते. लिहिताना धन अवकाश आणि ऋण अवकाश, बोलताना नुसतं आकृती आणि मोकळा अवकाश म्हटलं तरी चालतं, आणि बॅलन्सला तोल. 'नकारात्मक जागा' मात्र खरंच नको.

नकारात्मक हा शब्द आपण उत्तराला, विचाराला, स्वभावाला लावतो, म्हणजे त्यात 'हे नसतं तर बरं झालं असतं' असा सूर असतोच. गणितात आणि विजेत मात्र आपल्याकडे ऋण हा शब्द कधीचा रुळलेला आहे, ऋण संख्या, ऋण भार, ऋणाग्र वगैरे, आणि ते वाचताना कोणाच्या मनात कर्जबिर्ज येत नाही. धन आणि ऋण ही जोडी एकमेकांशिवाय अपुरी आहे आणि चित्रातही तेच म्हणायचं असतं, म्हणून ती जोडी इथे अगदी चपखल बसते.

आता जागा की अवकाश. जागा म्हटलं की बसायची जागा, रिकामी जागा, भरायची जागा असंच काहीतरी डोळ्यापुढे येतं. अवकाश ऐकल्यावर काहीजणांना आधी रॉकेट आठवतं हे खरंय, पण मराठीत "निकाल लागायला अजून अवकाश आहे" असंही आपण सहज म्हणतो, म्हणजे दोन गोष्टींमधली मोकळीक, मग ती जागेतली असो की वेळेतली. जपानी भाषेत 'मा' म्हणून एक शब्द आहे तो याच्या फार जवळचा, दोन वस्तूंमधलं अंतर आणि दोन स्वरांमधली शांतता दोन्ही त्यात येतात आणि तिथल्या कलाविचारात त्याला मोठा मान आहे. आपल्याकडे एवढा तयार शब्द असताना 'जागा' कशाला घ्यायची हे मला कळत नाही. मराठी कलासमीक्षेत अवकाश चांगला मुरलेलाही आहे.

पण शब्द ठरवण्याआधी वस्तू काय आहे ते नीट बघायला हवं कारण खरा घोळ तिथेच होतो. एक लाकडी खुर्ची समोर ठेवा आणि तिचं चित्र काढताना खुर्ची काढूच नका. पाठीच्या दोन पट्ट्यांमधून जी भिंत दिसते तिचा आकार काढा, मग पुढच्या दोन पायांमध्ये जो चौकोनासारखा पण खाली थोडा फाकलेला तुकडा दिसतो तो काढा, मग मागचा पाय आणि आडवी दांडी यांच्यात अडकलेला तो चिंचोळा त्रिकोण. असे सगळे तुकडे नीट जमले की मध्ये खुर्ची आपोआप उभी राहते, आणि बहुतेकवेळा नेहमीपेक्षा बरी, कारण 'खुर्ची अशी असते' हे जे डोक्यात आधीच बसलेलं असतं ते मध्ये लुडबुडत नाही, त्या त्रिकोणाला नाव नसतं त्यामुळे तो जसा दिसतो तसाच काढावा लागतो. ते तुकडे म्हणजे ऋण अवकाश. त्यांना स्वतःचा आकार आहे, कडा आहेत.

म्हणूनच 'पार्श्वभूमी' हा शब्दही मला पुरेसा वाटत नाही. पार्श्व म्हणजे मुळात बाजू, कूस, त्या अर्थाने 'बाजूची भूमी' ही कल्पना सुरेख होती, पण आज पार्श्वभूमी म्हटलं की आपल्याला मागचा पडदाच दिसतो. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये फुलदाणी आणि दोन चेहऱ्यांचं ते प्रसिद्ध चित्र मांडलं ते नेमकं याच मुद्द्यावर आहे. मधला भाग बघितला तर फुलदाणी, कडेचे भाग बघितले तर समोरासमोर दोन चेहरे, आणि दोन्हींच्या मधली रेघ एकच. ती रेघ एका वेळी एकाचीच कड होते, फुलदाणीची झाली की चेहरे निराकार होऊन मागे सरकतात आणि चेहऱ्यांची झाली की फुलदाणी विरते. तिथे मागचं-पुढचं असं कायमचं काही ठरलेलंच नाही, मग पार्श्वभूमी कोणाला म्हणणार?

रिकामी, कोरी, मोकळी, पोकळ हे चार शब्दही सरसकट वापरलेले दिसतात, त्यांच्यात फरक आहे. रिकामं म्हणजे जिथे काहीतरी असायला हवं होतं. कोरं म्हणजे अजून हात न लागलेलं. मोकळं म्हणजे मुद्दाम सोडलेलं, जिथे श्वास घेता येतो. बाराव्या-तेराव्या शतकातला चिनी चित्रकार मा युआन, त्याच्या नावावर असलेलं एक चित्र आहे, एक छोटी नाव, त्यात वाकून गळ टाकून बसलेला एकटा माणूस, नावेभोवती लाटांच्या दोनचार बारीक रेघा आणि बाकी सगळं रेशीम तसंच सोडलेलं. पाणी जवळपास काढलेलंच नाही आणि तरी सगळीकडे पाणीच आहे! त्याला रिकामं म्हणवत नाही. चिनी चित्रकलेत यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थच 'पांढरं राखणं' असा आहे, आणि आपल्याकडेही जलरंगात काम करणारे "इथे कागद राखलाय" म्हणतातच की. पोकळी हा शब्द मी शिल्पासाठी ठेवेन. बार्बरा हेपवर्थ आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकारांनी १९३० च्या दशकात दगडाला, लाकडाला आरपार भोकं पाडली तिथे पोकळी हा शब्द अक्षरशः खरा आहे, आणि ती पोकळी शिल्पातल्या वस्तुमानाइतकीच घडवलेली आहे.

आपल्या लिपीतलंच उदाहरण बघा ना. 'घन' आणि 'धन' हे दोन शब्द शेजारी लिहा. घ ची शिरोरेषा पूर्ण, ध ची सुरुवातीला तुटलेली. म आणि भ चंही तसंच, त्यामुळे 'मरण' आणि 'भरण' यांच्यातला अर्थाचा अख्खा फरक शिरोरेषेतल्या छोट्याशा फटीवर आणि तिच्याजवळच्या वळणावर उभा आहे. ठळक टाइपात शाई पसरून ती फट बुजली की शब्दच बदलू शकतो. अक्षर काढणारे म्हणूनच अक्षराच्या काळ्याइतकंच आतल्या पांढऱ्याकडे बघतात, व च्या गोलातला पांढरा थेंब, ब मध्ये तोच थेंब तिरप्या रेघेने दुभंगलेला. ऋण अवकाश अर्थ वाहतो हे मराठी वाचणाऱ्याला रोज डोळ्यासमोर दिसत असतं.

आता तोल. संतुलन चुकीचं नाही पण मानसिक संतुलन, पर्यावरणाचं संतुलन असं म्हणून म्हणून त्याला सरकारी वास आलाय. समतोल रुळलेला आहे आणि त्याच्याशी माझं भांडण नाही, फक्त त्यातल्या 'सम'मुळे बऱ्याच जणांना वाटतं की दोन्ही बाजू सारख्या हव्यात, म्हणजे समतोल आणि सममिती यांची गल्लत होते. सममिती हा तोलाचा एक प्रकार झाला. तोल जातो, सावरतो, सांभाळावा लागतो, त्या क्रियापदांमुळे तो शब्द जिवंत आहे आणि चित्रात नेमकं तेच चाललेलं असतं. गडद रंग जड, फिका हलका, तांबडा ठिपका छोटा असूनही वजनदार, मध्यापासून लांब कडेला ठेवलेली वस्तू आणखी भारी वाटते, आणि चित्रातला चेहरा जिकडे बघतो तिकडेही वजन जातं.

फ्रेंच चित्रकार एदगार देगाच्या १८७५-७६ च्या 'अबसांत' या चित्रात कॅफेत बसलेली बाई आणि पुरुष दोघंही उजवीकडे ढकललेले आहेत, पुरुष तर जवळजवळ चौकटीला टेकलाय. डावीकडे खाली फक्त टेबलांचे फिके पृष्ठभाग आणि एक वर्तमानपत्र. तरी चित्र उजवीकडे कलंडत नाही, कारण टेबलांचा तो तिरका मोकळा पट्टा नजरेला डावीकडून आत ओढून नेतो आणि त्या दोघांच्या समोर आणून सोडतो. तो पट्टा बोटाने झाकून बघा, माणसं लगेच कोंबल्यासारखी वाटायला लागतात. म्हणजे मोकळ्या अवकाशालाही वजन आहे, तोलात त्याचाही वाटा आहे, आणि तरीही त्याला आपण 'नकारात्मक' म्हणायचं?

राहिलं लिहिण्याचं. ऋणावकाश, धनावकाश असा संधी व्याकरणात बसतो पण वाचणारा अडखळतो, सुटंच लिहावं. अनेकवचनाची अडचण येते कारण अवकाश अनेकवचनातही अवकाशच राहतो, तिथे 'मोकळे आकार' म्हणावं, खुर्चीच्या बाबतीत तर तेच जास्त नेमकं आहे. आणि प्रश्नातलं ते वाक्य मी असं लिहीन: "आकृतीभोवती राखलेल्या मोकळ्या अवकाशामुळे चित्राचा तोल सांभाळला जातो." अभ्यासाचा लेख असेल तर मोकळ्याच्या जागी ऋण करा, बाकी वाक्य तसंच ठेवा.