'ती गेलीच कशाला त्याच्या रूमवर?'

प्रश्न : ताई, मी पुण्यात सेकंड इयरला आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकीवर तिच्याच बॉयफ्रेंडने पार्टीनंतर जबरदस्ती केली. कॅन्टीनमध्ये सगळे म्हणतात स्वतःहून गेली, प्यायली, ओरडली पण नाही, मग रेप कसला? मला पटत नाही पण बोलायला जमत नाही.

उत्तर : अगं बोल, नक्की बोल. भीतीने अंग गोठतं, आवाजच फुटत नाही, असं खूप जणींचं होतं आणि भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे आपल्या फौजदारी कायद्याच्या, कलम ६३ मध्येही स्पष्ट आहे की नुसता प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होत नाही. १९७८ ला आपल्या चंद्रपूरकडच्या मथुरा केसमध्ये (मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याची केस) अंगावर जखमा नाहीत वगैरे म्हणत सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे १९८३ ला कायदा बदलला, आणि तुमचं कॅन्टीन अजून तिथेच अडकलंय याचा मला खरंच राग येतो.

तिला 'का गेलीस' विचारू नको. जवळ बस, जेवली का बघ. ती म्हणाली तरच हॉस्पिटलला सोबत जा, उपचार फुकट असतात, झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली तक्रार, कुठल्याही पोलीस ठाण्यात होतो, महिलांची हेल्पलाइन १८१. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे मात्र घटनेपासून तीन महिन्यांच्या आत जावं लागतं. आणि तिचं नाव व्हॉट्सॅपवर फिरवणाऱ्यांना सांग, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.